एम. आय. टी.चा सुतार

एम. आय. टी. म्हटलं की आपल्याला आधी कोथरूड आठवतं. पण मी सांगतोय ते अमेरिकेतल्या एम. आय. टी.मधून आर्किटेक्चरची मास्टर्स डिग्री घेतलेल्या जॉर्ज नाकाशिमाबद्दल. एवढी डिग्री खिशात असून हा गडी सुतार झाला!

जन्म १९०५चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा. आईवडील जपानी. लहानपणी जंगलं तुडवली, कॉलेजात आधी फॉरेस्ट्री घेतली आणि मग आर्किटेक्चरकडे वळला. पुढे टोकियोत अँटोनिन रेमंड या आर्किटेक्टकडे नोकरी लागली आणि त्या ऑफिसने त्याला १९३७ साली पाठवलं कुठे, तर आपल्या पाँडिचेरीला! अरविंद आश्रमाची 'गोलकोंड' ही इमारत बांधायला. ती इमारत म्हणजे चक्क एक हॉस्टेल. भारतातल्या सुरुवातीच्या आधुनिक आर.सी.सी. इमारतींत तिचं नाव घेतात. खोल्यांना हवा खेळती ठेवणारी सागवानी सरकती दारं आहेत. (आमच्या विंगमध्ये मे महिन्यात राहून बघा, मग किंमत कळेल.) तिथे तो इतका रमला की पगार सोडून आश्रमवासी झाला. 'सुंदरानंद' हे नावही मिळालं.

अमेरिकेत परतल्यावर मोठमोठ्या इमारतींचं बांधकाम बघून त्याचं मन उडालं. नकाशा एकाचा, काम दुसऱ्याचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातात राहील असं काम त्याला हवं होतं, म्हणून सिअॅटलमध्ये फर्निचर सुरू केलं. तेवढ्यात युद्ध आलं. १९४२ साली अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते, नाकाशिमाही. बायको आणि काही आठवड्यांची मुलगी मीरा यांच्यासह तो आयडाहोच्या माळरानावर मिनिडोका छावणीत पोचला.

खरं शिक्षण मला वाटतं इथे झालं. गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी पद्धतीत तयार झालेला सुतार तिथेच कैदेत होता. त्याच्या हाताखाली एम. आय. टी.वाला उमेदवारी करू लागला. लाकूड काय, तर बांधकामातले उरलेले तुकडे आणि माळावरची झुडपं. जे मिळेल त्यात काम करायचं.

१९४३ साली रेमंडने खटपट करून त्याला सोडवलं आणि पेनसिल्व्हेनियात न्यू होपजवळच्या आपल्या शेतावर आणलं. कोंबड्या सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात सुतारकाम. त्या भागात काळा अक्रोड आपसूक वाढतो. चांगल्या फळ्या परवडायच्या नाहीत, म्हणून गाठीच्या, चिरलेल्या, वखारीने बाजूला टाकलेल्या फळ्या तो घ्यायचा. त्यातूनच त्याची खासियत तयार झाली.

आता थोडं मटेरियल सायन्स. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र आक्रसतं, आणि पावसाळी हवेत पुन्हा फुगतं. (आपल्या टेबलाचा ड्रॉवर जुलैत का अडकतो, ते आता कळलं ना?) म्हणून रुंद फळी घट्ट जखडली की तडकते. नाकाशिमा ओंडका अख्खा चिरून घ्यायचा, फळ्या त्याच क्रमाने रचून वर्षानुवर्षं वाळवायचा. चीर पडलेली असेल तर ती लपवायची नाही. चिरेवर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी बसवायची, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. फळीची झाडाकडची वेडीवाकडी कड तशीच ठेवायची, वर तेल चोळायचं. मशीनचं त्याला वावडं नव्हतं. पण शेवटचा हात माणसाचा. पुढे पैसे आल्यावर परदेशी लाकूडही त्याने आणलं, तरी जीव अक्रोडातच.

त्याची 'कोनॉइड' खुर्ची तर दोन पायांवर उभी आहे! सीट कॅन्टिलीव्हर. बघताना वाटतं, बसलो की पुढे कलंडणार. कलंडत नाही. मेकॅनिक्सवाल्यांनी फ्री बॉडी डायग्राम काढून बघावी.

१९६४ साली तो अहमदाबादच्या एन. आय. डी.मध्ये आला आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये त्याचं फर्निचर बनलं. १९७३ साली नेल्सन रॉकफेलरने दोनशेहून जास्त नगांची ऑर्डर दिली. तरी म्हातारपणी त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. अक्रोडाचा एक प्रचंड ओंडका हाती लागला, तेव्हा प्रत्येक खंडात शांततेसाठी एकेक टेबल ठेवायचं त्याने ठरवलं. पहिलं १९८६ साली न्यूयॉर्कच्या एका कॅथेड्रलमध्ये बसलं. १९९० साली तो गेला. छावणीत नेलेली ती तान्ही मीरा मोठी होऊन वर्कशॉप सांभाळू लागली होती. एक टेबल १९९६ साली ऑरोव्हिलला पोचलं, 'गोलकोंड'पासून फार लांब नाही.