गज, कात्री, सुई, दोरा : हिंगोलीच्या शिंप्याने या सामानातून कविता केली आणि ती थेट पंजाबात पोहोचली

पंजाबच्या गुरुद्वारांमध्ये आजही एक पद गायलं जातं. त्यात मनाला कापड मोजायचा गज केलंय आणि जिभेला कात्री. या गज-कात्रीने मापून-मापून यमाचा फास कापायचा, असा त्याचा अर्थ. पुढे सोन्याची सुई येते, चांदीचा दोरा येतो आणि कवी आपलं मन देवाशी शिवून टाकतो.

असं सुचायला माणूस शिंपीच असावा लागतो. तो होताच, आणि तो आपल्या हिंगोली जिल्ह्यातला होता. संत नामदेव.

नामदेवांचा जन्म २६ ऑक्टोबर १२७० चा मानतात, तिथी कार्तिक शुद्ध एकादशी. गाव कयाधू नदीकाठचं नरसी. तेव्हा देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं. हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये, परभणीतून. काही अभ्यासक जन्म पंढरपूरचा असल्याचं मांडतात, पण नरसीकरांनी हा वाद कधीच निकालात काढलाय. गावाचं नावच आता नरसी नामदेव आहे.

वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंपीकाम आणि कापडाचा. बालपण पंढरपुरात गेलं. नैवेद्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीये. वडील घरी नव्हते म्हणून आईने ताट पोराच्या हातात देऊन देवळात पाठवलं आणि विठ्ठल जेवत नाही म्हटल्यावर हे पोरगं तिथेच हटून बसलं. चमत्कार खरा की खोटा यात आपण पडायला नको. पण पोराच्या मनात देव कसा होता ते यातून कळतं. आपल्या घरात जेवायला बसणाऱ्या माणसासारखा.

पुढे लग्न झालं. बायको राजाई. नारा, महादा, गोंदा आणि विठा ही चार मुलं, लिंबाई ही मुलगी, मग सुना आल्या. शिवाय गंगाखेडहून लहानपणीच या घरात आलेली जनाबाई. चौदा-पंधरा माणसांचं खटलं आणि कर्त्या माणसाचं लक्ष चंद्रभागेच्या वाळवंटात. दुकान कोण बघणार?

यावरून घरात भांडणं व्हायची. इतर संतचरित्रांमध्ये असली भांडणं दोन ओळींत उरकतात. नामदेवांच्या गाथेत मात्र ती तपशीलवार आहेत. आई गोणाई म्हणते की लोकांची पोरं आईबापाला पोसतात आणि माझ्याने सुईदोरा टाकून दिला. ती थेट विठ्ठलाशीच भांडायला जाते, माझं पोर मला परत दे म्हणून. राजाईचं गाऱ्हाणं रखुमाईपाशी आहे. एका बाईने दुसऱ्या बाईला सांगावं तसं, की घरात दाणा नाही, अंगावर धड कापड नाही आणि तुझा नवरा माझ्या नवऱ्याला सोडत नाही.

शिंप्याच्या बायकोच्या अंगावर धड कापड नाही. हे वाचून थांबायला होतं.

परिसा भागवताची कथा याच घरातली. परिसाच्या घरी लोखंडाचं सोनं करणारा परीस होता. राजाईने त्याच्या बायकोकडून तो मागून आणला, घरात चार दिवस बरे यावेत एवढ्यासाठी. नामदेवांना कळलं तेव्हा त्यांनी तो चंद्रभागेत फेकून दिला, असं सांगतात. कीर्तनात ही गोष्ट वैराग्याची म्हणून रंगते. मला दर वेळी राजाईचं वाईट वाटतं. आणि गंमत म्हणजे गाथा वाचताना असं वाटायची सोय आहे, कारण तिची बाजू तिथे अजिबात झाकलेली नाही.

नामदेवांना मोठा धक्का मात्र घराबाहेर बसला. तेरच्या गोरोबा कुंभारांकडे संतमंडळी जमली होती. मडकं भाजलंय की नाही हे कुंभार थापटण्याने ठोकून बघतो. मुक्ताबाईने विषय काढला आणि गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं आहे. रोज विठ्ठलाशी बोलणाऱ्या माणसाला गुरू करायला सांगितलं गेलं.

म्हणून नामदेव औंढा नागनाथला आले, म्हणजे पुन्हा आजच्या हिंगोली जिल्ह्यातच. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. नामदेवांनी हटकलं, तेव्हा विसोबांनी सांगितलं की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. कथा सांगते की पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड दिसायला लागली.

याचा परिणाम कवितेवर झाला, असं मला वाटतं. देव सगळीकडे आहे हे एकदा पटलं की कवितेसाठी कुठे जायची गरज उरत नाही. कुत्र्याने भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नकोस म्हणून हा माणूस तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतो. अभंगांत पाखरू पहाटे चाऱ्याला जातं आणि मागे उपाशी पिल्लू वाट बघत बसतं. मूल आगीकडे जातं आणि आई धावते. पंजाबात गायल्या जाणाऱ्या एका पदात पतंग उडवणारी पोरं आहेत. गप्पा मारतात, पण ध्यान दोरीत. बायका पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसत-टाळ्या देत चालतात, पण ध्यान घागरीत. गाय लांब चरते, पण जीव वासरात. यातलं काहीही बघायला तिकीट काढावं लागत नाही.

साचाही घरातलाच होता. जात्यावर बायका म्हणतात ती ओवी, आणि तिच्याच जवळचा अभंग. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. पाठ करायला सोपं, टाळाच्या ठेक्यात बसणारं. नामदेवांनी हे कीर्तनात उभं केलं आणि वाळवंटात प्रत्येक जण आपापल्या कामाचं सामान घेऊन आला. सावता माळ्याने मळा आणला, नरहरी सोनाराने बागेसरी, सेना न्हाव्याने आरसा. जनाबाईने दळण-कांडण आणि केरवारा आणला, आणि माझ्या मते यात सगळ्यांत वरचढ तीच ठरली. दळता-कांडता देव मदतीला येतो, हे तिच्याइतक्या सहजपणे कुणी सांगितलं नाही. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवायची.

१२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्यांच्यासोबत तीर्थयात्रा केलेल्या नामदेवांनी आदी, तीर्थावळी आणि समाधी या अभंगप्रकरणांत त्यांचं चरित्र सांगितलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या चरित्रांपैकी हे एक मानलं जातं. समाधीच्या प्रसंगात एवढा मोठा शोक चाललाय आणि मध्येच कवी सांगतो की जागा झाडून साफ करायला आपली पोरं गेली होती. कुणीतरी झाडलंच असणार ना? पण ते लिहायचं नामदेवांनाच सुचलं.

ज्या धंद्याने कवितेला शब्द दिले, तोच धंदा जात म्हणून आडवाही आला. औंढ्याच्या देवळातला प्रसंग प्रसिद्ध आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना उठवलं गेलं, ते देवळामागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. शीखांच्या ग्रंथातल्या पदात हा प्रसंग कवी स्वतःच्या तोंडून सांगतो. हसत-खेळत दारी आलो होतो, भक्ती करताना मला धरून उठवलं, घोंगडी उचलून मागे जाऊन बसलो, असा त्याचा आशय. देवाला तो विचारतो की मला छिप्याच्या घरी जन्माला का घातलंस? छिपा म्हणजे कापडावर छाप उठवणारा. मराठीतला शिंपी उत्तरेत गेल्यावर छिपा झाला.

उत्तरेत ते गेले उतारवयात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांनी बराच काळ काढला. भाषा बदलली, ऐकणारे बदलले, पण सामान तेच राहिलं. एका पदात शेजारीण विचारते की तुझं छप्पर कुणाकडून घातलंस, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात की तो सुतार मजुरीत प्रेम मागतो. नवं घर दिसलं की गवंड्याचा नंबर मागणारी शेजारीण आजही असतेच.

१६०४ मध्ये गुरु अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरलं. इकडे नरसीतही कयाधूकाठी नामदेवांचं मंदिर आहे आणि गुरुद्वाराही. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले शीख भाविक पुढे नरसीला येतात.

१३५० मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, नामदेव पंढरपुरात गेले. विठ्ठलाच्या देवळात जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून महाद्वारातल्या पायरीखाली त्यांनी समाधी घेतली, अशी परंपरा आहे. भाविक त्या नामदेव पायरीवर पाय न ठेवता पुढे जातात. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरी करणारे चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून नामदेवांनीच त्या इथे आणल्या असं सांगतात.