नगरपालिकेतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण करताना आपण १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज यांपाशी थांबतो. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. बाबासाहेबांनी ज्यांना गुरुस्थानी मानले, त्यांचा नगरविकासाचा वेगळा विचार तेथेच दिसतो.

जोतीराव स्वतः व्यावसायिक होते. बांधकामाची कंत्राटे, ओतकामाच्या मुशींची विक्री, मांजरीची कालव्याच्या पाण्यावरील शेती, असा त्यांचा व्याप होता. शहर कोणाच्या घामावर उभे राहते आणि सरकारी बांधकामात पैसा कोठे मुरतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. भाजीपाला घेऊन शहरात येणारा शेतकरी जकात भरी. त्या पैशातून त्याच्या मुलांच्या वाट्याला काय येई? ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ही व्यथा आहेच; सभागृहात त्यांनी ती खर्चाच्या हिशेबात आणली.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपयांचा ठराव मांडला गेला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे सांगून जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. त्या काळी सभासद सरकारनियुक्त असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका मताचे मोल कळते. ठराव अर्थातच संमत झाला. १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लेखी तक्रार केली. दुकानांतून सरकारला उत्पन्न मिळे. उद्ध्वस्त होणाऱ्या घरांची नोंद कोणत्याही खात्यात नव्हती.

हीच दृष्टी त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत नेली. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्या कामगारांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्यांतलेच. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीरावांचे निधन झाले.

पुण्यात भव्य मंडई बांधण्यासही त्यांचा विरोध होता. आधी प्राथमिक शाळा, मग इमारती, हा त्यांचा क्रम होता. मंडई झालीच. १८८६ मध्ये तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे ते बदलले आणि आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.