माश्या पाळणारे मॉर्गन

बुकित पंजांगच्या घरातही केळी जास्त पिकली की बारीक माश्या येतात. अशाच माश्यांनी थॉमस हंट मॉर्गन यांचं मत बदललं.

ते १८६६ साली अमेरिकेत जन्मले. आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर असतात, हे त्यांना आधी पटत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये ते दुधाच्या बाटल्यांत माश्या पाळत. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. त्याची नातवंडं मोजली, तर पांढरे डोळे फक्त नरांना! मग त्यांना ते पटलं. १९३३ मध्ये नोबेल मिळालं.

अंड्यात डोकं कुठे, हे कसं ठरतं? हे कोडं न सुटताच १९४५ मध्ये ते वारले. १९८०च्या दशकात माश्यांमध्येच उत्तर सापडलं. आई अंड्याच्या एका टोकाला एमआरएनए नावाचा निरोप ठेवते. डोकं तिथेच तयार होतं.