विश्लेषण : एसी किती वर्षे टिकणार, हे घराचे छत कसे ठरवते? विलिस कॅरियर यांचा हिशेब काय सांगतो?

एसीचा कॉम्प्रेसर लवकर गेला, की दोष यंत्राला दिला जातो. तापलेला स्लॅब आणि दाराखिडक्यांच्या फटींकडे फारसे कोणी पाहत नाही. खोलीत किती उष्णता आणि ओलावा येतो हे मोजून यंत्र बेतायचे, या हिशेबावरच आधुनिक वातानुकूलनाचे जनक मानले जाणारे विलिस कॅरियर यांची कारकीर्द उभी राहिली.

विलिस कॅरियर कोण होते?

त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील अँगोला येथे शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते शिकवले. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बफेलो फोर्ज कंपनीत रुजू झाले. पगार होता आठवड्याला १० डॉलर. हवा तापवणाऱ्या नळ्यांच्या चाचण्या घेताना अंदाजापेक्षा मोजमापावर भर देण्याची सवय त्यांना लागली.

पहिला एसी कशासाठी बनला?

माणसांसाठी नव्हे, कागदासाठी. ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात उन्हाळ्यातील दमटपणामुळे कागद फुगत असे. प्रत्येक रंग स्वतंत्रपणे छापला जात असल्याने एकावर दुसरा रंग नेमका बसत नसे. १७ जुलै १९०२ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, कॅरियर यांनी उपायाचा आराखडा तयार केला. थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातील बाष्प काढायचे आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर ठेवायची, अशी ती योजना होती. तिची क्षमता दिवसाला १ लाख ८ हजार पौंड बर्फ वितळण्याइतकी, म्हणजे ५४ टन होती.

आजच्या दीड टनाच्या एसीमधील ‘टन’ तोच. २४ तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचण्याची ही क्षमता. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट.

पुढे काय घडले?

१९०२ च्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुके पाहताना, पाण्याच्या फवाऱ्याने हवेतील बाष्प नियंत्रित करण्याची कल्पना त्यांना सुचली. १९०६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी हवेचे तापमान आणि आर्द्रता यांच्या नात्याची सूत्रे मांडली. १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्यांच्या यंत्रणेने प्रेक्षकांना गारवा दिला. घरगुती यंत्रेही आली, पण १९२९ नंतरच्या महामंदीने ती बाजारपेठ थंडावली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले. एसी घरोघरी पोहोचला तो त्यानंतरच.

इन्सुलेशनचा एसीच्या आयुष्याशी संबंध काय?

एसी थंडी ‘बनवत’ नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. छत, भिंती, काचा आणि फटींतून जेवढी उष्णता आत येईल, तेवढी त्याला सतत बाहेर काढावी लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. भर दुपारी बाहेरची हवाही तापलेली असल्याने यंत्रातील दाब वाढतो, म्हणजे सर्वाधिक काम सर्वात कठीण वेळी करावे लागते. चालण्याचे तास वाढले की मोटर, पंखा आणि कॉम्प्रेसरची झीजही वाढते. इन्सुलेशन यंत्रात काहीच बदलत नाही, फक्त त्याच्यावरचा भार घटवते.

मग जास्त टनाचा एसी घेतला तर?

तोही उपाय नव्हे. गरजेपेक्षा मोठा साधा एसी खोली पटकन थंड करून बंद होतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. वारंवार सुरू होण्याचा ताण कॉम्प्रेसरवर येतो, शिवाय हवेतला ओलावा नीट निघत नाही. इन्व्हर्टर एसी वेग कमी करू शकतो, पण त्यालाही मर्यादा असते.

घरात काय करता येईल?

गच्चीवर पांढरा परावर्तक रंग किंवा चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे लावले, तर स्लॅब कमी तापतो. गच्चीच्या थरात इन्सुलेशनचे बोर्ड घालता येतात. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली केलेली उत्तम. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावरच अडवतो. दाराच्या फटींना रबरी पट्टी लावणे हा सर्वात स्वस्त उपाय.

अर्थात, इन्सुलेशन केले म्हणून देखभाल टळत नाही. फिल्टर धुणे आणि बाहेरच्या युनिटभोवती मोकळी हवा ठेवणे गरजेचेच. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने कॉइल गंजते, तिथे इन्सुलेशन कामाला येत नाही. मात्र नवा एसी घेणार असाल, तर आधी छत आणि फटींची कामे करून घ्यावीत आणि मगच टन ठरवावेत.