डोंगरवाटांचा सोबती : जॉन म्यूअर

शाळेच्या सहलीहून परततांना आपल्या हातांत बहुधा एखादें रानफूल, एखादा रंगीत दगड, नाहीं तर पक्ष्याचें गळून पडलेलें पीस असतें. परंतु ज्या डोंगरावरून तें आणलें त्या डोंगराविषयीं आपलें कांहीं कर्तव्य आहे, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. लोकांना डोंगरांत नेऊन हाच विचार त्यांच्या मनांत जागा करण्याचें कार्य अमेरिकेंत एका पुरुषानें केलें. त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना बोधप्रद वाटेल अशी आशा आहे.

जॉन म्यूअर यांचा जन्म ता. २१ एप्रिल १८३८ रोजीं स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकांठच्या गांवीं झाला. वडील डॅनिएल हे अत्यंत धर्मनिष्ठ, परंतु स्वभावानें कठोर होते. बायबलांतील अध्यायांमागून अध्याय ते मुलाकडून तोंडपाठ करवून घेत, आणि पाठांतरांत कुचराई झाली कीं मार ठरलेला असे. असें असूनहि जरा सवड सांपडली कीं जॉन शेतांतून व समुद्रकिनाऱ्यानें पक्ष्यांचीं घरटीं शोधीत फिरे. १८४९ सालीं हें कुटुंब अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें गेलें. तेथें जंगल तोडून शेत तयार करण्याचें कष्टाचें काम या कोंवळ्या मुलाच्या वांट्यास आलें. पुढें एकदां छिन्नीनें खडक फोडून विहीर खणीत असतां, सुमारें ८० फूट खोलीवर सांचलेल्या विषारी वायूनें तो गुदमरला. वडिलांनीं वेळींच वर ओढून काढलें म्हणून तो वांचला. आणि थोडें बरें वाटतांच त्याला पुन्हां त्याच विहिरींत उतरावें लागलें!

दिवसभर नांगर, रात्रीं लवकर निजण्याची वडिलांची आज्ञा. मग वाचन करावें केव्हां? पहांटे उठण्यास मात्र वडिलांनीं परवानगी दिली होती. तेवढ्या आधारावर जॉन मध्यरात्रीनंतर एक वाजतांच उठूं लागला आणि थंडीनें गारठलेल्या तळघरांत बसून लांकडाचीं घड्याळें व निरनिराळीं यंत्रें तयार करूं लागला. १८६० सालीं हीं यंत्रें मॅडिसन येथील प्रदर्शनांत वाखाणलीं गेलीं, व त्यायोगें विद्यापीठाचें दार त्याला उघडलें. तेथें वनस्पतिशास्त्राची गोडी लागली, ती जन्मभर टिकली.

१८६७ सालीं इंडियानापोलिस येथील एका कारखान्यांत काम करीत असतां कानस निसटून त्यांच्या उजव्या डोळ्यांत शिरली, आणि थोड्याच वेळांत दुसराहि डोळा दिसेनासा झाला. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलींत पडून राहावें लागलें. दृष्टि हळूहळू परत आली, तेव्हां यंत्रांच्या नादांत आयुष्य न घालवितां सृष्टि डोळे भरून पाहावयाची, असा त्यांनीं निश्चय केला. त्याच वर्षीं केंटकीपासून फ्लॉरिडापर्यंत सुमारें १,००० मैल ते पायीं चालून गेले. वाटेअखेर हिंवतापानें त्यांना गांठलें. तरी हिंमत न हरतां १८६८ सालीं ते कॅलिफोर्नियास पोहोंचले.

सिएरा नेवाडा ही तेथील उत्तुंग पर्वतांची रांग. तिच्यांतील योसेमिटीच्या खोऱ्यानें म्यूअर यांचें चित्त कायमचें हरण केलें. कधीं मेंढपाळाबरोबर, कधीं लांकूड कापण्याच्या गिरणींत काम करून त्यांनीं पोट भरावें, आणि उरलेला वेळ कडे व शिखरें धुंडाळण्यांत घालवावा. हें खोरें जमीन खचून झालें, असें त्या काळच्या प्रांतिक भूगर्भशास्त्रज्ञांचें मत होतें. खडकांवरील घांसल्याच्या खुणा पाहून म्यूअर यांनीं हिमनद्यांचें कार्य ओळखलें, व १८७१ सालीं त्या पर्वतांत जिवंत हिमनदीहि शोधून काढली. खोरें कोरण्यांत पाण्याच्या प्रवाहांचाहि वांटा आहे हें पुढील संशोधनानें दिसून आलें. परंतु हिमनद्यांविषयींचा त्यांचा मुख्य मुद्दा खरा ठरला.

मात्र एकट्यानें डोंगर पाहून डोंगर वांचत नाहींत, हें त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें. हजारों मेंढ्या कुरणें खाऊन व तुडवून उजाड करीत होत्या, प्रचंड वृक्षांवर कुऱ्हाड चालत होती. १८८९ सालीं म्यूअर यांनीं रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन या मासिकाच्या संपादकास आपल्याबरोबर टुओलमी नदीच्या कुरणांत मुक्कामास नेलें. त्या शेकोटीजवळ झालेल्या विचारांतून म्यूअर यांचे लेख निघाले, आणि १८९० च्या ऑक्टोबरांत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. एका सोबत्यास वाट दाखविल्याचें हें फळ!

ता. २८ मे १८९२ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें सिएरा क्लब स्थापन झाला, व म्यूअर मरेपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. १९०१ सालीं विल्यम कोल्बी या तरुण वकिलानें सभासदांची सामुदायिक पदयात्रा काढण्याचें मनावर घेतलें. जे वन पाहतील तेच वनासाठीं झगडतील, या हेतूस म्यूअर यांनीं मनापासून पाठिंबा दिला. त्या उन्हाळ्यांत सुमारें शंभर स्त्री-पुरुष टुओलमीच्या कुरणांत जमले. दिवसा शिखरांची चढण, संध्याकाळीं शेकोटीभोंवतीं वृक्ष, प्राणी व हिमनद्या यांविषयीं जाणत्यांचीं भाषणें, असा तो क्रम असे. कोल्बी यांनीं १९२९ पर्यंत अशा यात्रांचें नेतृत्व केलें. पुढें मोठ्या जथ्यांनीं कुरणांची हानि होते असें अनुभवास आल्यावर लहान तुकड्या नेण्याची रीत पडली. आजहि त्या क्लबाच्या पदयात्रा स्वयंसेवकच चालवितात.

१९०३ च्या मे महिन्यांत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाहि म्यूअर यांनीं तीन रात्री योसेमिटीच्या रानांत उघड्यावर निजविलें. एका सकाळीं तर अंगावर बर्फ पडलेलें होतें. तीनच वर्षांनीं, १९०६ सालीं, योसेमिटीचें मुख्य खोरें प्रांताच्या ताब्यांतून राष्ट्रीय उद्यानांत सामील झालें. त्याच १९०३-०४ च्या जगप्रवासांत म्यूअर हिमालयाच्या दर्शनासाठीं हिंदुस्थानांतहि येऊन गेले.

परंतु प्रत्येक लढा जिंकला जातोच असें नाहीं. याच उद्यानांत हेच हेची नांवाचें दुसरें एक रम्य खोरें होतें. तेथें धरण बांधून पाणी आणावें, अशी सॅन फ्रॅन्सिस्को शहराची मागणी होती, आणि १९०६ च्या भूकंपानंतर व आगीनंतर तिला जोर चढला. शहराची गरज खोटी नव्हती. क्लबांतहि याविषयीं दोन तट पडले. पाणी दुसरीकडून आणतां येईल, पण बुडालेलें खोरें पुन्हां मिळणार नाहीं, असा म्यूअर यांचा पक्ष होता. योसेमिटी पुष्कळांनीं पाहिलें होतें; हेच हेची पाहिलेले लोक फारच थोडे होते. अखेर ता. १९ डिसेंबर १९१३ रोजीं धरणाच्या कायद्यावर सही झाली. पुढच्याच वर्षीं, ता. २४ डिसेंबर १९१४ रोजीं, लॉस एंजेलिस येथें फुप्फुसदाहानें म्यूअर यांचा अंत झाला. १९२३ सालीं धरण पुरें झालें.

या चरित्रांत एक उणीवहि आहे, ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. योसेमिटींत पूर्वींपासून आवानीची लोकांची वस्ती होती. १८५१ सालीं त्यांना शस्त्रबळानें हुसकून लावण्यांत आलें. तेथील मूळ रहिवाशांविषयीं म्यूअर यांनीं तारुण्यांत तुच्छतेनें लिहिलें, याची जाहीर कबुली २०२० सालीं त्यांच्याच क्लबानें दिली. झाडांना ओळखणाऱ्या डोळ्यांनीं माणसांनाहि ओळखावें, हा धडा त्यांतून आपण घ्यावा.

हेच हेची गेलें, पण तें व्यर्थ गेलें नाहीं. त्या पराभवानें देश जागा झाला, आणि १९१६ सालीं राष्ट्रीय उद्यानांच्या रक्षणासाठीं स्वतंत्र खातें निर्माण झालें. विद्यार्थिमित्रहो, आपल्या गांवाजवळहि एखादी टेंकडी, एखादी देवराई, एखादा ओढा असेल. तेथील झाडें व पाखरें ओळखणारें वडील माणूस गांवांत शोधा, त्याच्याबरोबर तेथें जा, आणि पुढच्या खेपेस आपल्या धाकट्या भावंडांना बरोबर घ्या. जें आपण ओळखतों, त्याचीच काळजी आपण वाहतों.