संत गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो यांचा जन्म वसई येथें इ. स. १५५६ च्या सुमारास झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं शिक्षण घेऊन ते जपानांत गेले व तेथील भाषा शिकून धर्मशिक्षक झाले. परंतु त्या संघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा सफल झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला. धन मिळालें, पण मनास शांति लाभेना. अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस बंधु म्हणून स्वीकारिलें. १५९३ मध्यें ते दुभाषी म्हणून जपानांत परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह क्रुसावर त्यांनीं श्रद्धेसाठीं प्राण अर्पिले. १८६२ मध्यें त्यांस संतपद मिळालें. विद्यार्थिमित्रहो, एका अपयशानें सार्वकालिक जीवनाची वाट खुंटत नाहीं, हेंच या वसईपुत्राचें चरित्र शिकविते.