आईसाठी सफरचंद : सी. एस. लुईस



बारामतीला दवाखान्यात कुणाला भेटायला जायचे म्हटले की आपण वाटेत किलोभर सफरचंदे घेतो. इंदापूरकडे घरच्या बागेत पेरू, डाळिंबे लगडलेली असली तरी आजाऱ्याला न्यायचे ते सफरचंदच! ज्या लेखकाची ओळख आज करून द्यायची आहे त्यांनीही आजारी आईसाठी आणलेल्या सफरचंदाची एक गोष्ट लिहिली. ते म्हणजे सी. एस. लुईस. धर्मशिक्षणाच्या वर्गातील काही मुलांना ते 'नार्निया'च्या सिनेमामुळे माहीत असतील.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील वकील, आई फ्लोरा एका पाळकाची मुलगी. त्या काळात तिने गणितात पदवी मिळवली होती. थोरला भाऊ वॉरन. धाकट्याला घरात सगळे जॅक म्हणत.

जॅक नऊ वर्षांचा असताना आईला कॅन्सर झाला. घरीच शस्त्रक्रिया झाली. आई बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केली, आणि ती बरी होणारच असे मनाशी धरून चालला. २३ ऑगस्ट १९०८ रोजी आई गेली. तरीही चमत्कार होईल म्हणून तो वाट पाहत राहिला. त्या वयात आपण देवाला एखादा जादूगार समजत होतो, काम करून निघून जाणारा, असे लुईस यांनी पुढे आत्मचरित्रात कबूल केले आहे. (आपल्यापैकी किती जणांची नवेना अशीच चाललेली असते!) महिनाभरातच त्याला इंग्लंडमधल्या बोर्डिंगात धाडले. तिथले मुख्याध्यापक मुलांना बेदम मारीत. वडील दुःखात बुडालेले. पोरगा आईविना वाढला आणि पुढच्या काही वर्षांत देव नाहीच अशा निष्कर्षाला आला.

पहिल्या महायुद्धात १९व्या वाढदिवशी लुईस फ्रान्समध्ये आघाडीवर पोहोचले. १९१८ मध्ये जखमी झाले. त्यांचा एक सैनिक मित्र मारला गेला. त्याच्या आईचा सांभाळ करण्याचा शब्द त्यांनी दिला होता. ती बाई स्वभावाने सोपी नव्हती, पण १९५१ साली तिचा मृत्यू होईपर्यंत लुईस यांनी तो शब्द पाळला.

१९२५ पासून ते ऑक्सफर्डला शिकवू लागले. तिथे त्यांची मैत्री जमली जे. आर. आर. टोल्कीन यांच्याशी. टोल्कीन पक्के कॅथलिक. तेही लहानपणीच आई गमावलेले. एका कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये एका रात्री दोघे आणि आणखी एक मित्र उशिरापर्यंत बोलत फिरले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी लुईस भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय पाहायला निघाले. निघताना येशू हा देवपुत्र आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता, पोहोचले तेव्हा होता. आयुष्यभर ते अँग्लिकनच राहिले, याची टोल्कीन यांना खंत वाटे.

१९५५ साली त्यांचे 'द मॅजिशियन्स नेफ्यू', म्हणजे जादूगाराचा भाचा, प्रसिद्ध झाले. नार्नियाच्या सात पुस्तकांतले हे सहावे, पण नार्नियाचा आरंभ त्यात आहे. डिगरी नावाच्या मुलाचे वडील हिंदुस्थानात, आई अंथरुणाला खिळलेली. मामाच्या जादूच्या अंगठ्यांमुळे तो अंधाऱ्या, रिकाम्या जगात पोहोचतो. तिथे असलान नावाचा सिंह गाऊ लागतो आणि त्या गाण्यातून तारे, डोंगर, झाडे, प्राणी निर्माण होतात. उत्पत्तीच्या पुस्तकाची आठवण यावी असाच हा प्रसंग. पुढे असलान डिगरीला एका बागेतून सफरचंद आणायला पाठवतो. तिथे चेटकीण त्याला भुलवते : हे चोरून आईला दे, ती बरी होईल. नऊ वर्षांच्या जॅकने काय केले असते? डिगरी मात्र रडवेला होऊन फळ जसेच्या तसे असलानला आणून देतो. बागेकडे निघण्याआधीच त्याने मान वर करून पाहिले होते, तेव्हा सिंहाच्या डोळ्यांत त्याच्याहून मोठे अश्रू होते. मग असलान स्वतःच्या हाताने नव्हे, तर डिगरीलाच झाडावरून एक फळ तोडायला सांगतो आणि त्याची आई वाचते.

त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्रही आले. दोन्ही पुस्तकांत एकच आजारपण आहे. एकात आई जाते, दुसऱ्यात उठून बसते.

पुढच्याच वर्षी लुईस यांनी जॉय या अमेरिकन लेखिकेशी विवाह केला आणि काही महिन्यांतच तिला कॅन्सर असल्याचे कळले. मार्च १९५७ मध्ये एका पाळकांनी दवाखान्यात येऊन तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती खरोखर चालू-फिरू लागली. पण जुलै १९६० मध्ये तीही गेली. मागे तिचे दोन मुलगे, १६ आणि १४ वर्षांचे. लुईस यांनी त्यांना पोटच्या मुलांप्रमाणे जवळ ठेवले. या दुःखात देवावर रागावून, भांडून त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले, तेही सुरुवातीला टोपणनावाने. प्रार्थना मात्र सोडली नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस वारले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने ही बातमी मागे पडली. ऑक्सफर्डजवळच्या एका चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. दगडावर कोणते शब्द कोरायचे ते वॉरनने ठरवले. आई गेली त्या दिवशी तिच्या खोलीतल्या कॅलेंडरच्या पानावर शेक्सपियरची जी ओळ होती, तीच त्याने धाकट्या भावासाठी निवडली.